नवा, नवी, नवे

लहानपणी मला एक विशेषण चुकवायची सवय होती. ते विशेषण म्हणजे 'नवा'. शाळेसाठी वही आणली की मी आजीला सांगायची, "आजी, नवीन वही बघ." दिवाळीला फ्रॉक शिवला की नवीन फ्रॉक. शेजारच्या क्वार्टरमध्ये कुणी बदलून आले की नवीन लोक. 'नवीन' म्हटले की काम भागे. वही ती, फ्रॉक तो, क्वार्टर ते, हे लक्षात ठेवावे लागत नसे. 'नवा' म्हणायला जावे तर लगेच परीक्षा सुरू: नवा, नवी की नवं?

आमचे घर भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये. बाबा १९५७ साली भंडाऱ्याहून कारखान्यात नोकरीला आले. सोव्हिएत संघाशी कारखान्याचा करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ला, आणि त्या दिवशी भिलाई ज्या राज्यात होती त्याची राजधानी नागपूर होती. आज हे भिलाईतही फार जणांना आठवत नाही. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, छत्तीसगड मध्य प्रदेशात राहिले. बाबा दोन वर्षे आधी निघाले असते तर आपल्याच राज्यात नोकरीला गेले असते. निघाले उशिरा, म्हणून परराज्यात गेले. गाव तेच, रूळ तेच.

घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि ओट्यावर भाजीची टोपली उतरवणाऱ्या बाईशी छत्तिसगढी. हिंदीचे लिंग वेगळे आणि मराठीचे वेगळे, त्यात मी भरडली जायची. पुस्तक हिंदीत 'नई', मराठीत 'नवं'. घर हिंदीत 'नया', मराठीत 'नवं'. भाजीवालीकडे मात्र ही भानगडच नव्हती. नवा घर, नवा लुगरा, नवा बहुरिया. सून असो की साडी, 'नवा' आपल्या जागी ठाम. मला ती भाषा फार समजूतदार वाटे.

मग एका दिवाळीत नागपूरला मामाकडे गेलो. मामीने साडी दाखवली आणि माझ्या तोंडून गेले, "किती छान आहे नवा साडी!" घरभर हसू. मामी म्हणाली, "छत्तिसगढी झाली न वो ही पोरगी!" तिच्या मनात काही वाईट नव्हते. पण मी तेव्हापासून 'नवा' सोडला आणि 'नवीन' धरला. पुढे पन्नास वर्षे तो हात सुटला नाही.

निवृत्त झाल्यावर या एका शब्दाचा माग काढायचा ठरवले, ते त्या हसण्यामुळेच. वाचता वाचता जिथे पोचले ती जागा अपेक्षित नव्हती. मी पोचले आयर्लंड आणि वेल्सच्या पूर्वजांच्या भाषेत, जी कुणी लिहून ठेवलेली नाही आणि आज कुणी बोलत नाही. अभ्यासक तिला आदिकेल्टिक म्हणतात. आयरिश, वेल्श, ब्रेटन, कॉर्निश आणि ज्यूलियस सीझर ज्यांच्याशी लढला त्या गॉल लोकांची बोली, या सगळ्यांची ती आई. तिचे शब्द लेकींच्या तोंडावरून पारखून पुन्हा उभे केलेले असतात, आणि म्हणून छापताना प्रत्येक शब्दाआधी एक तारका लावतात: हा शब्द ऐकलेला नाही, हिशोबाने काढलेला आहे, असे सांगणारी. श्लायखर या जर्मन पंडिताने ही खूण रूढ केली. मला ती तारका आवडते. प्रामाणिक खूण आहे.

आदिकेल्टिकमध्ये 'नवा' असा होता: नोव्योस. हे पुल्लिंगी. स्त्रीलिंगी नोव्या, नपुंसकलिंगी नोव्योम. त्यातून जुन्या आयरिशचा 'नूए', आजच्या आयरिशचा 'नुआ', वेल्शचा 'नेविद' (शेवटचा द जिभेने दातांना पुसटसा स्पर्श करून म्हणायचा), ब्रेटनचा 'नेवेझ'. गॉलांनी तो गावांच्या नावांत ठेवला. नोव्हियोमागुस म्हणजे नवे मैदान किंवा नवा बाजार. नेदरलँड्सचे नायमेखेन शहर हे त्याचेच झिजलेले रूप. नोव्हियोदूनुम म्हणजे नवा गड. स्वित्झर्लंडच्या न्याँ गावाचे मूळ नाव. आपली नवेगावे असतात तसेच.

संस्कृत शिकलेल्या वाचकाला इथे शंका येईल: आपला शब्द 'नव', मग केल्टिकमध्ये मधला 'य' कुठून आला? तो आपल्याकडेही आहे. ऋग्वेदात 'नव' आणि 'नव्य' असे दोन्ही शब्द भेटतात. मूळ इंडो-युरोपीय भाषेतही ही जोडी होती: एक नेवोस, दुसरा नेव्योस. लॅटिन आणि ग्रीकने पहिला उचलला. गॉथिक, लिथुएनियन आणि केल्टिकने दुसरा. केल्टिकमध्ये 'व'च्या आधीचा 'ए' हा 'ओ' झाला, म्हणून नेव्योसचा नोव्योस. म्हणजे वेल्श 'नेविद' हा आपल्या 'नवा'चा सख्खा भाऊ नाही, 'नव्य'चा आहे, चुलत म्हणा. वेल्शमध्ये 'य'चे 'द'सारखे काहीतरी व्हावे याचे नवल वाटते, पण आपणही शब्दारंभीच्या 'य'चा 'ज' केलाच आहे. यव होते, जव झाले.

ही नातलगी जाहीरपणे सुचवली गेली ती कलकत्त्यात. विल्यम जोन्सने एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका मुळातून निघाल्या असाव्यात असे म्हटले, हे आपण शाळेत शिकतो. त्याच दमात त्याने गॉथिक आणि केल्टिकचेही नाव घेतले होते, ते सहसा कुणी सांगत नाही. जोन्सचे वडील वेल्सच्या अँगलसी बेटावरचे. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तरासाठी 'पाय' हे चिन्ह पहिल्यांदा वापरणारे गणिती ते हेच. भाषणाची तारीख २ फेब्रुवारी १७८६. भिलाईचा करारही २ फेब्रुवारीचाच. याला काही अर्थ नाही, पण भिलाईच्या माणसाला ते दिसल्यावाचून राहत नाही.

जोन्सने सुचवले, बॉपने १८३८च्या सुमारास सिद्ध केले, झॉयसने १८५३ साली केल्टिकचे मोठे व्याकरण लिहिले. पण ज्या माणसाने मला खिळवून ठेवले तो व्हिटली स्टोक्स. जन्म डब्लिनचा, १८३०. ट्रिनिटी कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या झीगफ्रीट नावाच्या जर्मन पंडिताचा सहवास त्याला लाभला. वकिलीत मन रमेना म्हणून १८६२ साली मद्रासला आला, मग कलकत्ता आणि सिमला. १८७७ ते १८८२ व्हाइसरॉयच्या कौन्सिलचा कायदा-सदस्य. संपत्ती हस्तांतरणाचा १८८२चा कायदा, त्याच वर्षीचा न्यासांचा कायदा, १८८१चा परक्राम्य संलेख कायदा, हे सगळे त्याच्या कारकिर्दीतले. आज कुणाचा चेक वटला नाही की ज्या कायद्याखाली खटला भरतात तो हाच (ते कलम पुष्कळ नंतर, १९८८ साली घातले गेले). आणि हा माणूस दिवसभर कायद्याचे मसुदे करून रात्री जुन्या आयरिशच्या पोथ्या वाचत बसे. कॉर्मकचा शब्दार्थसंग्रह, म्हणजे आयरिश भाषेतला सर्वांत जुन्यांपैकी एक कोश, १८६८ साली त्याने संपादून छापला तो कलकत्त्यात. मध्ययुगीन आयरिश प्रवचने १८७७ साली, तीही कलकत्त्यातच. खिळे जुळवणाऱ्या बंगाली कंपोझिटरला ती कोणती भाषा वाटली असेल?

परत गेल्यावर १८९४ साली बेझेनबेर्गरबरोबर त्याने आदिकेल्टिकचा पहिला कोश काढला. त्यात संस्कृतचे दाखले पानोपानी. आज त्या विषयात रांको मातासोविच यांचा २००९चा कोश वापरतात आणि स्टोक्सचा पुष्कळसा भाग मागे पडला आहे. पण सुरुवात करणारा माणूस वीस वर्षे या देशात राहून गेला होता, आणि आपल्याकडे त्याची ओळख असलीच तर वकिलांना आहे.

आता विभक्तीकडे येते, कारण माझे दुखणे तिथेच होते. नोव्योस हा शब्द नामाप्रमाणे चाले. नव्या माणसाचा: नोव्यी. नव्या माणसाला: नोव्यूई. नव्या स्त्रीचा, म्हणजे नव्या सुनेचा वगैरे: नोव्यास. पुल्लिंगी अनेकवचन नोव्योई, स्त्रीलिंगी पुन्हा नोव्यास, नपुंसक नोव्या. संस्कृतचे नवः, नवा, नवम् शेजारी ठेवले की एकाच घरची भांडी वाटतात.

आणि इथे मी थांबले. नवः, नवा, नवम्. संस्कृतात 'नवा' हे स्त्रीलिंगी रूप आहे. आदिकेल्टिकमध्ये नोव्या, लॅटिनमध्ये नोव्हा, सगळीकडे शेवटचा आ हा बाईमाणसाचा. संस्कृतात साडीला शाटिका म्हणतात, आणि 'नवा शाटिका' हे अगदी शुद्ध संस्कृत आहे. म्हणजे मामीच्या ओसरीवर सात वर्षांच्या मुलीने जे म्हटले ते फक्त दोन-अडीच हजार वर्षे उशिरा म्हटले होते. हे कळले तेव्हा मामी हयात नव्हती. असती तरी सांगितले नसते. पण मनातल्या मनात सांगून झाले.

मग मराठीत 'नवा' पुल्लिंगी कसा झाला? याचे उत्तर एका अर्थहीन शेपटीत आहे. शब्दाच्या टोकाचे स्वर प्राकृतात आणि अपभ्रंशात झिजत गेले. 'लंब'चे 'लांब' झाले, 'उच्च'चे 'उंच', आणि त्यांची टोके गेली. म्हणून लांब रस्ता, लांब वाट, लांब शेपूट, सगळीकडे 'लांब' तसाच. लिंग दाखवायला त्याच्याकडे काही उरलेच नाही. पण काही विशेषणांना लोकांनी बोलताना मागे 'क' जोडला होता: नव नाही, नवक. या 'क'ला वेगळा अर्थ नव्हता. झीज मात्र आधी त्याच्यावर आली. 'नवक'चा 'क' गळाला, दोन स्वर शेजारी आले आणि एकमेकांत मिसळून 'नवा' झाला. 'नविका'चे 'नवी' झाले. 'नवकम्'चे 'नवें'. त्या अनुस्वारात जुना 'म्' होता; १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी तो कागदावरून काढला, तरी 'नवं' म्हणताना टोकावर टिंब ठेवायची सोय बोलीने राखली आहेच. आजी 'नवं लुगडं' म्हणे, तेव्हा तिच्या बोलण्यात त्या 'म्'ची आठवण होती, असे मला आता वाटते.

'नव्या घरात'मधला 'नव्या' पाहून मला आधी आनंद झाला होता: हाच तर ऋग्वेदातला 'नव्य', हाच केल्टिकचा! तसे नाही. हा 'या' वेगळा. ज्ञानेश्वरीच्या मराठीत 'आपुलेया', 'तयाचेया' अशी सामान्यरूपे आहेत, त्यांतला हा 'या'. त्याचे मूळ बहुतेक अभ्यासक जुन्या षष्ठीत शोधतात. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवर लिहिले त्यात या सगळ्या वाटा आखून दिल्या आहेत. त्याचे पुस्तक वा. गो. परांजपे यांनी मराठीत आणले, पण आमच्या पिढीने ते वाचले नाही. आम्ही दामल्यांच्या व्याकरणातली 'विकारी' आणि 'अविकारी' ही दोन नावे पाठ केली आणि गुण मिळवले.

आणि माझा लाडका 'नवीन'? तो संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला. पायी चालत आलेला नाही, म्हणून झिजलेला नाही, आणि म्हणून त्याला मराठी रूपे फुटली नाहीत. पाहुण्याला घरचे काम सांगत नाहीत, तसे. 'नवरा' मात्र घरचाच: तो मुळात नववर, लग्न ठरलेला तरुण. साठीचा झाला तरी नावात 'नव' आहे.

शेपटी जोडून शब्द वाचवायची युक्ती रशियनांनीही केली, फक्त त्यांनी सर्वनाम जोडले. नोव्ही, नोवाया, नोवोये. बाबा रेल मिलमध्ये होते. सोव्हिएत इंजिनीयरांकडून त्यांनी जे पाचपंचवीस शब्द उचलले त्यांत हा होता. यंत्राचा सुटा भाग येऊन पडला की खोक्यावर तो लिहिलेला असे. बाबा घरी आल्यावर गंमत म्हणून आजीला सांगत, "आई, रशियन लोक पण नवाच म्हणतात." आजीचा विश्वास बसत नसे. तिचा प्रश्न एकच: "आणि नवी?" बाबांनी एकदा 'नोवाया' म्हणून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "मग शहाणे आहेत."

वेल्श लोकांनी वेगळेच केले. टोकाची रूपे गेली, पण जाताना त्यांनी पुढच्या शब्दाचे पहिले अक्षर मऊ करून ठेवले. वेल्शमध्ये कुत्रा 'की', मोठा 'माउर': की माउर. मांजर 'काथ' हे स्त्रीलिंगी, त्याच्या पुढे 'माउर'चा 'वाउर' होतो: काथ वाउर. एके काळी काथच्या टोकाशी एक स्वर होता. तो केव्हाच गेला, त्याच्यामुळे मऊ झालेले 'म' मात्र तसेच राहिले. 'नेविद'ला हेही होत नाही, कारण 'न' मऊ होत नाही. आयरिश 'नुआ'ही आज एकवचनात, अनेकवचनात, कुठेही बदलत नाही. नोव्योस, नोव्या, नोव्योम, नोव्यी, नोव्यूई, एवढा पसारा होता. राहिला एक शब्द. छत्तिसगढीसारखाच.

छत्तिसगढीला यावरून कुणी हसत असेल तर त्याने आयरिशलाही हसावे. धमतरीच्या हिरालाल काव्योपाध्यायांनी १८८५ साली छत्तिसगढीचे व्याकरण लिहिले, ग्रियर्सनने त्याचे भाषांतर करून १८९०मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले. तीच सोसायटी, जिथे जोन्स बोलला होता. हिंदी प्रदेशातल्या बोलींची छापील व्याकरणे तेव्हा फार नव्हती. आणि बस्तरची हलबी पाहा. ग्रियर्सनने १९०५च्या सातव्या खंडात तिला मराठीच्या पदराखाली घेतले. तिच्यात आपला 'चा' आहे, पण 'चो' म्हणून गोठलेला. मराठीत रामाचा, रामाची, रामाचे. हलबीत सगळ्यांना एकच 'चो'. वेगवेगळ्या भाषांची माणसे एका बाजारात भेटू लागली की असे पुष्कळदा होते. लिंगाचा हिशोब सगळ्यांत आधी सुटतो, कारण त्यावाचून मीठ-मिरची विकत घेता येते.

भिलाई म्हणजे असाच एक बाजार. आंध्र, बंगाल, केरळ, पंजाब, बिहार, आणि मधे आम्ही. आमच्या आधीही मराठी माणसे इथे आलीच होती: १७४१नंतर भोसल्यांच्या फौजेबरोबर, नंतर कचेऱ्यांत आणि शाळांत. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढले ते हिंदीत. ती घरे आजही आहेत, आडनावे आहेत, गणपती आहेत. 'नवें'मधले टिंब कितींकडे आहे ते त्यांच्या स्वयंपाकघरात बसल्याशिवाय कळायचे नाही.

माझ्याकडचे सांगते. माझी मुलगी बेंगळुरूला शिकायला गेली तेव्हा रोज फोन करायची आणि मराठीत बोलायची. मी तिला दर वाक्याला अडवायची. "नवा चप्पल नाही, नवी चप्पल." "तो खोली नाही, ती खोली." मला वाटायचे, मामीने मला हसून सोडले म्हणून माझे असे झाले, मी हिला नीट शिकवीन. वर्षभराने ती फोनवर हिंदी बोलू लागली. मी विचारले तर म्हणाली, "मम्मी, हिंदी में जल्दी हो जाता है." ती 'आई' म्हणायची, तेही गेले. मी चप्पल दुरुस्त केली, आणि वाक्य घालवले. हे कळायला मला स्टोक्स आणि ब्लॉक लागले नसते, पण लागले.

रायपूरच्या विमानतळाकडे जाताना रस्त्यावर पाट्या आहेत. आधी 'नया रायपुर' म्हणत. आता नाव 'नवा रायपुर अटल नगर'. गेल्या दिवाळीत मुलगी आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा आले होते. त्याने गाडीतून पाटी वाचली आणि मला हिंदीत विचारले की मुंबईजवळ 'नवी' लिहिले होते, मग इथे 'नवा' का? मी तोंड उघडले. तीन लिंगे, 'क'ची शेपटी, मराठीत खरे तर 'नवं रायपूर', सगळे जिभेवर आले. मुलगी आरशातून माझ्याकडे पाहत होती. मी म्हटले, "इथे सगळ्यांना नवाच म्हणतात रे." तो म्हणाला, "अच्छा." आणि पुढची पाटी वाचू लागला.

गेल्या महिन्यात मुलीचा निरोप आला, देवनागरीत, मराठीत, किती दिवसांनी: "आई, आम्ही नवी घर बघितलं. तुला आवडेल." मी 'घर ते असतं' एवढे लिहिले. पुसले. मग लिहिले, "कधी येऊ?"